पायाखाली पळसाचं पान

उस्तादाला वाटेत कोणी जय भीम केला, जोहार केला, राम राम केला, तरी तो हात उचलत नसे. तोंडानं उत्तर द्यायचा, तेही समोर बघत. गाडीवर असताना तर नाहीच, पायी चालतानाही नाही. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला माज आहे. माज थोडा होताच. पण हात न उचलण्याचं कारण तो नव्हता.

"हँडलावरचा हात सुटला का गाडी आपली नाई," तो म्हणायचा. "अन् आपल्या लोकायची सवय अशी, का सरणावर असताना कोनी जय भीम केला तरी हात वर जाईल. म्हनून मी पायी चालतानाबी उचलत नाई. सवयच मोडून टाकली."

एटापल्लीच्या पुढं आत जंगलात एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे. तिथं मी कामाला होते. झाडणं, पुसणं, सुया उकळणं, स्वयंपाक, आणि डॉक्टरांना लोकांचं बोलणं मराठीत सांगणं. मी मूळची ब्रह्मपुरीकडची, चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर इकडे आले आणि कामापुरती गोंडी शिकले. नाल्यापलीकडच्या गावांत औषधाची पेटी डोक्यावर घेऊन मीच जायची. पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता चिखल.

मग संस्थेला कोणीतरी ती गाडी दिली. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, वर टप नाही, दार नाही. कागदावर तिचं इंग्रजी नाव होतं. आम्ही तिला चारचाकी फटफटी म्हणायचो. चिखलातून, दगडांवरून, थोड्या पाण्यातून ती जाते. पण दिसते तेवढी गरीब नाही. पहिल्या पोरानं ती शिकता शिकता पाय मोडून घेतला. दुसऱ्यानं ती बांधावरून उलटवली आणि घाबरून घरी गेला. तेव्हा संस्थेनं अहेरीकडून उस्तादाला बोलावलं. सगळी उमर त्यानं लाकडाच्या डेपोत मोठमोठी यंत्रं चालवली होती. तोवर शिकायला कोणी उरलं नव्हतं. डॉक्टर हसत मला म्हणाले, "मावशी, तुम्हीच शिका आता." मी म्हटलं, शिकते. मला काही हौस नव्हती. डोक्यावरच्या पेटीनं मान दुखायची, एवढंच.

उस्तादानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सायकल येते का बाई?"

"येते."

"मंग कठीन आहे," तो म्हणाला. "न येती तर बरं झालं असतं."

पहिले काही दिवस त्यानं मला गाडी सुरूच करू दिली नाही. नुसती ढकलायला लावली. दवाखान्यामागच्या सपाट जागेवर ती कशीबशी ढकलली जायची. थोडा चढ आला की जागची हलत नव्हती. मी घामाघूम होऊन चिडले आणि म्हटलं, "हे काय गाडी शिकनं आहे का? बैल हाय का मी?"

तो खाली उकिडवा बसून बिडी ओढत होता. म्हणाला, "जे तुले ढकलता येत नाई, ते अंगावर आल्यावर कशी हटवशीन? हे समजलं का मंग चाबी देतो."

समजलं. त्यानं चावी दिली.

सायकलवाल्याची खोड अशी की गाडी कलली की पाय आपोआप जमिनीवर जातो. सायकलवर त्यानं माणूस वाचतो. या गाडीवर तोच पाय मागच्या चाकाखाली येतो. पहिल्या पोराचं तेच झालं होतं. उस्तादानं त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. दोन्ही पायदानांवर एकेक पळसाचं पान ठेवायचं आणि त्यावर गमबूट. पाय उचलला की पान उडतं. पान उडालं की गाडी बंद, खाली उतरायचं, पान शोधून आणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. वाऱ्यानं पान झुडपात गेलं तरी तेच पान आणायचं, दुसरं चालत नसे. मी काट्यांत हात घालून शिव्या देत पानं शोधली आहेत.

"बाई, तू गाडी चालवून राह्यली का पत्रावळी लावून राह्यली?" तो लांबून ओरडायचा.

"तुमच्या तेराव्याच्या लावून राह्यली," मी म्हणायची.

त्यावर तो हसायचा नाही. कधीच हसायचा नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी आपल्या हातानं चहा करून द्यायचा.

पाय ठिकाणावर आले, तेव्हा त्यानं हाताची परीक्षा काढली. दवाखान्यात औषधाला आलेले लोक, नर्सबाई, पाणी भरायला आलेल्या बाया, सगळ्यांना त्यानं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. मी गाडी घेऊन निघाले की त्यांनी ओरडायचं. "जय भीम बाई!" "जोहार बाई!" एकीनं तर "बाई, पोरगं आलं तुमचं!" असं ओरडून पाहिलं. मला पोरगं नाही, तरी हात सुटला. उस्ताद म्हणाला, "गेली बाई. नाल्यात गेली. आता वर पाह्य, कावळे आले का."

त्याच्या बाकीच्या खोडी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. सकाळी उठल्यापासून डोक्यावर हेल्मेट. जेवताना ते काढून मांडीवर उलटं ठेवायचा आणि त्यात कांदा, मिरच्या. कोणी हसलं तर म्हणायचा, "डोक्यात काही नाई, मले माहीत हाय. पण फुटलं का मंग दुसऱ्याले रगत पुसा लागते." चंद्रपूरला त्याचा मुलगा होता, त्याचं नावही काढायचा नाही. नाल्याच्या पाण्यात आधी स्वतः पायी काठी टोचत उतरायचा आणि मगच गाडी घालायचा. पाणी पायदानाच्या वर दिसलं की तिथून मागं. त्यात वाद नाही. चढावर अंग पुढं टाकायचं, उतारावर मागं, आणि उतार आडवा कापायचाच नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, गाडीवर एकच माणूस.

इथली रीत अशी नाही. इथं वाटेनं चालणाऱ्याला मागं टाकून कोणी गाडीवाला जात नाही. सायकलवर दोघं, मोटरसायकलवर चौघं, ट्रॅक्टरवर सगळं लग्न. न घेता गेला तर तो माणूस वाईट. उस्ताद मात्र डोक्यावर मोळी असलेल्या म्हातारीलाही सोडून पुढं जायचा. ती शिव्या द्यायची आणि तो समोर बघत "जोहार माय" म्हणायचा. मी एकदा त्याला म्हटलं, सीट तर लांब आहे, माणूस बसतो. तो म्हणाला, "बसते. सपाटीवर बसते. चढावर मांगच्याचं वजन गाडी उचलते अन् दोघायच्या अंगावर टाकते. ही सीट लांब हाय ते चालवनाऱ्याले मांगंपुढं सरकाले. पाहुन्यासाठी नाई."

आता त्या पोरीचं सांगते.

पावसाळा लागला होता. उस्तादानं अजून मला नाल्यापलीकडं गाडी न्यायला मोकळीक दिली नव्हती. म्हणून त्या दिवशी मी पहाटेच पायी निघून पलीकडच्या गावात पोचले होते आणि पेटी घेऊन तो गाडीवर मागून येणार होता. गावात एका माणसाच्या घरी पोरगी तापानं फणफणलेली. चार-पाच वर्षांची असेल. हात लावला तर भाजेल असं अंग. मी बघते तोच तिला झटके आले. डोळे पांढरे झाले. हा ताप डोक्यात जातो, हे मी दवाखान्यात पाहिलं होतं. गोळ्यांचं काम उरलं नव्हतं. तिला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. उस्ताद अंगणात येऊन थांबला. बापानं पोरगी उचलली, पळत जाऊन त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "ने." ही माणसं आपसात गोंडी बोलतात, पण एवढा शब्द त्यानं मराठीत म्हटला.

उस्तादानं पोरीकडं पाहिलं. मग तिला उचलून बापाच्या हातात परत दिलं.

"एकच बसते," तो म्हणाला. "मी जाऊन डॉक्टरले आनतो. तुमी खाट घेऊन निघा."

बाप त्याच्या पाया पडला. मी म्हटलं, "उस्ताद, लेकरू हाय. माह्या लुगड्यानं पाठीले बांधून देतो."

"एकच," तो म्हणाला. गाडी वळवली आणि गेला.

लोकांनी खाटेला बांबू बांधला, पोरीला वर ठेवलं आणि चार माणसं निघाली. मी आणि तिची आई मागून. नाल्याशी येईपर्यंत पाणी चढलं होतं. वर डोंगरात पाऊस पडत होता. पलीकडच्या काठावर डॉक्टर बॅग घेऊन उभे, उस्ताद गाडीशेजारी उभा. मध्ये लाल पाणी. डॉक्टर ओरडून काही सांगत होते, ते ऐकू येत नव्हतं. खाट चिखलात ठेवली. पोरगी तिथंच गेली. मी तिचं तोंड पुसलं आणि आईला सांगितलं. सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

गाडी पार झाली होती, हे सगळ्यांनी पाहिलं. गाडी पार झाली म्हणजे गाडीवर पोरगी असती तर पोरगीही पार झाली असती. गावानं असा हिशेब केला. मला कोणी विचारलं असतं तर मीही तोच केला असता.

दुसऱ्या दिवशी गावाच्या वाटेवर झाडाच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या. बापानंच टाकल्या होत्या. "जी गाडी माणूस नेत नाही, तिनं औषधही आणू नये," त्यानं मला सांगितलं. "तू पायी ये. ती गाडी नको." पाणी चढलं की मला पायी जाता येत नव्हतं. त्या पावसात पलीकडे तापानं आणखी माणसं गेली. कोण गोळ्यांनी वाचलं असतं आणि कोण नाही, ते मला माहीत नाही. उस्ताद एकदा पाणी ओसरल्यावर फांद्यांपर्यंत गेला आणि त्यानं पाणी मागितलं. एक बाई भरलेला तांब्या घेऊन बाहेर आली, त्याला पाहिलं आणि त्याच्यासमोर तांब्या जमिनीवर ओतून आत गेली.

तो तसाच परत आला. मला म्हणाला, "चल, पानं ठेव." आणि रोजच्यासारखं शिकवलं. त्या दिवशी चहा केला नाही.

पाऊस थोडा उघडल्यावर त्यानं निरोप पाठवला. गावानं नाल्याच्या काठावर यावं, मी का नाही नेली ते दाखवतो. लोक आले. तमाशा बघायला आले म्हणा. बापही आला, लांब झाडाला टेकून उभा राहिला. उस्तादानं नाल्यातली ओली रेती पोत्यात भरली होती. ते पोतं त्यानं मागच्या कॅरिअरवर दोरीनं आवळलं. गाडी नाल्याच्या पात्रात होती. समोर काठाचा चढ, त्याच वाटेचा.

"हा मांगचा मानूस," पोत्यावर थाप मारत तो म्हणाला. "आता पाहा, चढावर का होते."

बाप झाडापासूनच गोंडीत बोलला. मोठ्यानं नाही. "एवढी जड नव्हती माझी पोरगी."

मी ते उस्तादाला मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्याला कळलं होतं, त्याचा चेहरा मी पाहिला. कोणी शहाणा माणूस तिथंच पोतं सोडून खाली उतरला असता. त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला आणि गाडी सुरू केली. पायाखाली पान ठेवलं नव्हतं.

अर्ध्या चढावर गाडीनं तोंड वर उचललं. त्यानं अंग पुढं टाकलं, पण पोतं मागं ओढत होतं. गाडी आधी कलली आणि मग मागच्या चाकांवर उभीच राहिली. अशा वेळी वरच्या बाजूला उडी मारायची, हे त्यानं मला किती वेळा शिकवलं होतं. पण त्याचा डावा पाय खाली गेला. मी पाहिलं. नवशिक्यासारखा जमिनीवर टेकायला गेला. गाडी त्याला घेऊन उलटी पडली.

सगळ्यांनी मिळून गाडी उचलली. त्याचं कमरेचं हाड मोडलं होतं. तो ओरडला नाही, पण तोंड राखेसारखं झालं. नाला पार करून, पुढं दवाखाना गाठून, गडचिरोलीला नेल्याशिवाय इलाज नव्हता. गाडीला काही झालं नव्हतं. एकानं ती सुरू करूनही पाहिली.

बाप जवळ आला. "बसव ना गाडीवर," तो मला म्हणाला. "मागं बसव."

उस्तादानं डोळे उघडले. "एकच," तो म्हणाला.

कोणीतरी हसलं. बाप थुंकला आणि गावाकडं निघून गेला. मला वाटलं, आता कोणी हात लावणार नाही. हा इथंच पडून राहणार. पण तो परत आला, खांद्यावर खाट घेऊन. तीच खाट. गावात दुसऱ्या खाटा होत्या, त्यानं तीच आणली. बांबू बांधला आणि पुढचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

नाल्यात पाणी मांडीएवढं होतं. पाण्यात उतरायच्या आधी बाप म्हणाला, "ठेवा." खाट खाली ठेवली. जागा तीच होती. मला ओळखू आली, उस्तादालाही आली. खाट धरणाऱ्यांना वाटलं, खांदा बदलायचा असेल. ते बिडी काढायला लागले. बाप वाकला आणि त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "काऊन नाई नेली?"

उस्तादानं वर झाडाकडं पाहिलं. मला वाटलं, पुन्हा वजनाचं सांगेल, चढाचं सांगेल.

"येताना पान्यानं मांगलं चाक उचललं होतं," तो म्हणाला. "पोरगी मांडीवर ठेवली अन् ते पानी आठवलं. भेव लागलं मले. नियम मंग आठवला."

मराठी बापाला पुरती कळली नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी गोंडीत सांगितलं, जसं होतं तसं. त्यात कमी-जास्त केलं नाही.

बाप उभा राहिला. मला वाटलं, खाट इथंच टाकून जाईल. गेला असता तर मी त्याला नावं ठेवली नसती. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा सरळ केला, बांबूखाली वाकला आणि म्हणाला, "उचला."

त्यांनी खाट पाण्यातून पलीकडं नेली. मी गाडी मागून नेली, एकटी, रिकामी. दोन्ही पायांखाली पानं ठेवून. नाल्यापलीकडे गाडी नेण्याची परवानगी मला कोणी दिली नव्हती. त्या दिवशी द्यायला कोणी मोकळं नव्हतं.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी वाटेवरच्या फांद्या निघालेल्या होत्या. कोणी काढल्या ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून पेटी गाडीवर जाते, मी नेते. तो बाप कधी वाटेत भेटतो, दोन्ही हात जोडून जोहार करतो. मी तोंडानंच जोहार म्हणते. नवे लोक म्हणतात, बाईला माज आला. म्हणू देत.

उस्ताद पुन्हा चालला नाही. गडचिरोलीहून त्याला चंद्रपूरला मुलाकडं नेलं. मी एकदाच भेटायला गेले, पुढच्या पावसाळ्यानंतर. बाहेरच्या खोलीत खाटेवर पडलेला, अंगावर मांस नाही. हेल्मेट खुंटीला टांगलेलं. सून चहा ठेवून आत गेली.

"हात उचलते का?" त्यानं विचारलं.

"नाई."

"मांगं कोनाले बसवते का?"

मी खोटं बोलत नाही, आणि त्याच्याशी तर बोललेच नसते. "एकदा नेलं," मी म्हटलं. "लहान लेकरू होतं. आईनं माह्या पाठीले बांधून देलं. वरून पाऊस होता."

लेकरू जगलं का, हे त्यानं विचारलं नाही. ते जगलं. न जगतं तरी मी त्याला हेच सांगितलं असतं.

"पानी कुठवरी होतं?"

"पायदानाच्या वर."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी ऐकायला तयार होते. मी चूकच केली होती, त्याच्याच नियमानं.

"अन् पाय?" तो म्हणाला.

"पान वाहून गेलं," मी म्हटलं. "पाय तिथीच होते."